जन्माआधीपासूनचं प्रथिन

आपल्या शरीरातली बहुतेक प्रथिनं वयाने आपल्यापेक्षा कितीतरी लहान असतात. पन्नाशीच्या माणसाच्या यकृतातली बरीचशी प्रथिनं गेल्या काही दिवसांतली असतात. रक्तातली तांबडी पेशी सुमारे 120 दिवस फिरते आणि मोडीत निघते, तिच्याबरोबर तिच्यातलं हिमोग्लोबिनही. काही एन्झाइमं तर तासभरसुद्धा टिकत नाहीत. बनवायचं, वापरायचं, मोडायचं, त्यातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे दुवे, सुटी करून पुन्हा नवं बनवायचं, हे अखंड चालू असतं. शरीराबद्दल मी जे काही शिकले त्यात याइतकी दिलासा देणारी गोष्ट मला दुसरी सापडलेली नाही.

या रिवाजाला डोळ्यातलं भिंग अपवाद आहे. भिंगाच्या अगदी मध्याला जो गर असतो, त्यातली क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं आपण आईच्या पोटात असताना बनतात आणि शेवटच्या दिवसापर्यंत तीच राहतात. डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये हे फार सुंदर रीतीने दाखवलं. 1950 आणि 60 च्या दशकांत उघड्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-14 चं, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सारी प्रकाराचं, प्रमाण एकदम वाढलं आणि मग हळूहळू उतरत गेलं. म्हणजे कोणत्या वर्षीच्या कार्बनपासून एखादं प्रथिन बनलं हे मोजता येतं. मृत माणसांच्या भिंगातल्या क्रिस्टॅलिनमधला कार्बन त्यांनी मोजला, तर उत्तर आलं ते त्या माणसाच्या जन्माच्या आसपासचं साल. पुढे 2016 मध्ये हाच मार्ग ग्रीनलँड शार्कसाठी वापरला गेला. पाच मीटर लांबीच्या एका मादीचं वय सुमारे 392 वर्षं निघालं. मोजणीतली 120 वर्षांची चूक धरली तरी कमीत कमी 272. कदाचित शिवाजी महाराजांच्या जन्माआधी बनलेलं प्रथिन डोळ्यात घेऊन तो जीव थंड समुद्रात पोहत होता, हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नव्हते.

भिंगातली प्रथिनं बदलली का जात नाहीत, याचं कारण पारदर्शकता. प्रकाश आरपार जायचा तर वाटेत अडथळा नको. म्हणून भिंगाचे तंतू तयार होताना पेशी आपलं केंद्रक टाकून देते, ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे मायटोकाँड्रिया टाकून देते, प्रथिनं बनवणारी यंत्रणाही टाकून देते. उरतं ते क्रिस्टॅलिनचं दाट द्रावण. भिंगाच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा निव्वळ प्रथिन असतो. शरीरातल्या फार थोड्या भागांत इतकं प्रथिन असतं. एवढी दाटी असूनही ते पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, कारण रेणू एकमेकांना न चिकटता सारख्या अंतराने बसलेले असतात. पण नवं प्रथिन बनवायची सोय एकदा गेली ती गेली. यापुढे जे काही बिघडेल ते तिथेच राहणार.

आणि बिघडतं. कसं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. फ्री रॅडिकल हा शब्द आता फेसक्रीमच्या जाहिरातीपर्यंत पोचला आहे, पण त्या जाहिरातीत प्रत्यक्ष काय घडतं ते कुणी सांगत नाही.

रेणूतले इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. एखाद्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा पडला की तो मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल. तो जोडीसाठी शेजारच्या रेणूतून इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजनचा आख्खा अणू ओढून घेतो. यातलं सर्वांत आक्रमक म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकल, ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू मिळून झालेलं. त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकं. तेवढ्यात ते काही नॅनोमीटरच सरकतं, म्हणजे एखाद्या मध्यम प्रथिनाच्या रुंदीएवढं. त्याला निवड करायला वेळच नसतो. जिथे जन्मतं तिथे जो रेणू समोर येईल त्यावर ते आदळतं. पेशीत पाण्याखालोखाल भरलेली असतात ती प्रथिनं, म्हणून मार बहुधा त्यांनाच बसतो.

हे रॅडिकल जन्मतं कसं, याची गोष्ट केंब्रिजमधली आहे. हेन्री फेंटन नावाच्या विद्यार्थ्याने 1876 मध्ये टार्टारिक आम्लात, म्हणजे आपल्या चिंचेत असतं त्याच आम्लात, लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं. वर अल्कली टाकल्यावर जांभळा रंग आला. त्याने 1894 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. रॅडिकल नावाची वस्तू असते हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिलं सेंद्रिय फ्री रॅडिकल मोझेस गोम्बर्ग यांनी मिशिगनमध्ये 1900 साली दाखवलं, आणि फेंटनच्या प्रयोगाचा हायड्रॉक्सिल रॅडिकलशी संबंध जोडायला 1930 चं दशक उजाडलं. लोह आणि पेरॉक्साइड दोन्ही आपल्या पेशीत असतात. तीच अभिक्रिया आपल्या आत होते.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. अमिनो आम्लांच्या ऑक्सिडीकरणाचं, म्हणजे त्यांचे इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन ओढले जाण्याचं किंवा त्यांवर ऑक्सिजन बसण्याचं, प्रकरण आलं की मुलं कंटाळतात, कारण पुस्तकात त्याचा एक तक्ता असतो. मी तो तक्ता बाजूला ठेवून एकेका आम्लाबद्दल बोलते. फिनाइलअ‍ॅलनिनवर हायड्रॉक्सिल आदळलं की मेटा-टायरोसिन बनतं. आपलं कुठलंही एन्झाइम प्रथिनासाठी ते बनवत नाही, त्यामुळे ते सापडलं की इथे रॅडिकल येऊन गेलं हे नक्की. दोन टायरोसिन एकमेकांना जखडून डायटायरोसिन होतं, ते अतिनील प्रकाशात निळसर चमकतं. ट्रिप्टोफॅनचं वलय फुटून कायन्युरेनिन बनतं, ते पिवळं. लायसिन, अर्जिनिन, प्रोलिन यांच्या टोकाला कार्बोनिल गट, म्हणजे कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन, येतो आणि तो मात्र परत फिरत नाही. असं प्रथिन दुरुस्त करता येत नाही, मोडूनच टाकावं लागतं.

गंधक असलेली दोन आम्लं, सिस्टीन आणि मेथिओनिन, यांची तऱ्हा निराळी. ती सर्वांआधी ऑक्सिडाइज होतात आणि त्यांचं बरंचसं नुकसान भरूनही काढता येतं. दोन सिस्टीन एकमेकांना जोडले गेले तर ग्लुटाथायॉनसारखे पेशीतले लहान रेणू ती जोडणी सोडवतात. मेथिओनिनच्या गंधकावर ऑक्सिजनचा एक अणू बसला, तर तो उतरवण्यासाठी शरीराने खास एन्झाइमं ठेवली आहेत. म्हणजे मेथिओनिन मार खातं, सावरतं, पुन्हा मार खायला तयार होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, बेथेस्डाला, अर्ल स्टॅडमन आणि रॉडनी लेव्हाइन यांनी जिवाणूतल्या ग्लुटामिन सिंथेटेज या एन्झाइमवर वर्षानुवर्षं काम केलं. 1996 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की त्यातली 16 पैकी 8 मेथिओनिनं ऑक्सिडाइज झाली तरी एन्झाइमचं काम फारसं अडत नाही. ती मेथिओनिनं एन्झाइमच्या पृष्ठभागावर, कामाच्या जागेच्या तोंडाशी आहेत. आत जे नाजूक आहे त्याच्या वाट्याचा घाव ती स्वतःवर घेतात.

याच एन्झाइमवर लेव्हाइन यांनी 1983 मध्ये केलेलं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. त्यांनी एन्झाइममध्ये थोडं लोह, हवेतला ऑक्सिजन आणि क जीवनसत्त्व एवढंच एकत्र आणलं. एन्झाइम निकामी झालं. नुकसान शोधलं तर 16 हिस्टिडिनपैकी (हेही एक अमिनो आम्ल) अवघं एक बिघडलेलं. कारण लोह जिथे चिकटतं तिथेच रॅडिकल जन्मतं आणि तिथल्याच अमिनो आम्लाला खातं. औषधाच्या दुकानात अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरण थोपवणारं, म्हणून विकल्या जाणाऱ्या क जीवनसत्त्वाने इथे काय केलं? लोहाला पुन्हा पुन्हा इलेक्ट्रॉन पुरवून अभिक्रिया चालू ठेवली. एखादा रेणू रक्षक की भक्षक हे त्याच्या नावावर ठरत नाही, तो कुठे आहे आणि शेजारी कोण आहे यावर ठरतं. हे वाक्य मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते.

प्रयोगशाळेत ऑक्सिडाइज झालेलं प्रथिन डोळ्यांनी पाहता येतं. अल्ब्युमिन या प्रथिनाच्या द्रावणात फेरस सल्फेट आणि पेरॉक्साइड घालून ठेवायचं. दुसरी नळी तशीच, पण त्यात काही न घालता. मग दोन्हींत डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन घालून तासभर अंधारात. हे संयुग कार्बोनिल गटाला धरून बसतं. नंतर ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घातलं की प्रथिनाचा साका होतो, नळी फिरवली की तो तळाशी बसतो. तो इथेनॉल आणि इथिल ॲसिटेटने पुन्हा पुन्हा धुवायचा, कारण ते संयुग स्वतःच पिवळं असतं. धुवण बिनरंगी होईपर्यंत थांबायचं. शेवटी एका नळीच्या तळाशी पांढुरका साका उरतो आणि दुसरीच्या तळाशी पिवळा. घाई करणाऱ्या मुलांचे दोन्ही साके पिवळे येतात. पण ज्यांनी नीट धुतलं, त्यांच्या चेहऱ्यावर त्या पिवळ्याकडे बघताना जे उमटतं त्यासाठी मी हा प्रयोग अभ्यासक्रमातून काढू दिलेला नाही.

माझ्या मावशीच्या डोळ्यातला गर मी पाहिला, तेव्हा हे सगळं मला पाठ होतं.

मावशी आजऱ्याकडची. तिकडे पाऊस चार महिने हलत नाही. जळण आत आणून ठेवलं तरी ओलंच राहतं. लग्न झाल्यापासून तिने त्या ओल्या जळणावर आणि शेणींवर चूल पेटवली, फुंकणीने फुंकत, तोंड धुरात घालून. गॅस आला तोवर तिची साठी उलटली होती. चुलीच्या धुराचा मोतीबिंदूशी संबंध आहे हे भारतातल्या अनेक पाहण्यांतून पुढे आलं आहे, आणि तो बायकांत जास्त दिसतो. उजव्या डोळ्याला धुकं पडल्यागत दिसायला लागून बराच काळ झाला होता, पण ती म्हणायची, “पिकू दे गं पोरी, पिकला की एकदाच काढूया.” शेवटी दिवसासुद्धा हात धरून न्यावं लागायला लागलं तेव्हा तिला कोल्हापूरला आणलं. गर फार कडक झाला होता, म्हणून डॉक्टरांनी तो यंत्राने फोडण्याऐवजी छेद देऊन सबंध बाहेर काढला. मी विषय शिकवते हे कळल्यावर त्यांनी तो मला स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवला. मसूरएवढा, काकवीच्या रंगाचा, आणि चिमट्याने टोचला तर टणक. मावशी जन्मायच्या आधी बनलेलं प्रथिन होतं ते. एका आयुष्यात त्यावर जे जे आदळलं ते सगळं तिथेच साठलेलं होतं.

त्या तपकिरीचा अर्थ लावता येतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गार्नर आणि स्पेक्टर यांनी 1980 मध्ये दाखवलं की तरुण भिंगात मेथिओनिन आणि सिस्टीन जवळजवळ शाबूत असतात, आणि मोतीबिंदू झालेल्या भिंगात त्यांचं मोठ्या प्रमाणावर ऑक्सिडीकरण झालेलं असतं. मेथिओनिन एरवी पाण्यापासून तोंड फिरवून प्रथिनाच्या आत दडून असतं. त्यावर ऑक्सिजन बसला की त्याला पाणी आवडायला लागतं आणि प्रथिनाची घडी सैलावते. आतली सिस्टीनं उघडी पडतात, शेजारच्या रेणूतल्या सिस्टीनांशी जुळतात. असे गठ्ठे वाढत गेले की ते प्रकाश विखुरतात. तेच मावशीचं धुकं. रंगाचं काम दुसरीकडून होतं. भिंगात अतिनील किरण अडवण्यासाठी ट्रिप्टोफॅनपासून बनवलेले कायन्युरेनिनच्या जातीचे सुटे रेणू असतात. वय वाढलं की ते मोडून प्रथिनालाच चिकटतात. क जीवनसत्त्व स्वतः ऑक्सिडाइज झालं की त्याचे तुकडेही लायसिनला चिकटून पिवळे-तपकिरी होतात. हे सगळं एकट्या फ्री रॅडिकलचं काम आहे असंही नाही. साखर चिकटते, प्रथिनाच्या साखळ्या आपोआप तुटतात, काही अमिनो आम्लं पाण्याशी अभिक्रिया होऊन बदलतात. पण गराच्या मध्यभागी ऑक्सिडीकरणाचा वाटा फार मोठा आहे.

तपकिरी भिंग निळा प्रकाश अडवतं. पट्टी सुटल्यावर मावशी ट्रंक उघडून बसली आणि काळं म्हणून बाजूला टाकलेलं एक लुगडं जांभळं निघालं. ती त्यावर हात फिरवत कितीतरी वेळ बसली होती आणि मग सुनेवर रागावली, की मला कुणी सांगितलं का नाही.

मला मात्र प्रश्न पडतो तो उलटा. साठ-सत्तर वर्षं हे प्रथिन टिकतंच कसं? अंडं उकळलं की काही मिनिटांत पांढरं होतं. भिंगाला आयुष्यभर ऊन, धूर, ऑक्सिजन सोसून स्वच्छ राहायचं असतं, आणि नवं प्रथिन तर मिळणार नसतं. याला शरीराने दिलेलं उत्तर थक्क करणारं आहे. भिंगाला रक्तवाहिनी नाही. त्याच्या मागे जो जेली आहे त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते भिंगाकडे जाणारा ऑक्सिजन वाटेतच खाऊन टाकतं. इथे ते रक्षक. भिंगाच्या बाहेरच्या थरातल्या, अजून मायटोकाँड्रिया असलेल्या पेशी उरलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. त्यामुळे गरापर्यंत ऑक्सिजन जवळजवळ पोचतच नाही. शिवाय बाहेरचा थर ग्लुटाथायॉन बनवून आत पाठवत राहतो. अल्फा क्रिस्टॅलिन हे भिंगातलं एक प्रथिन सैल पडलेल्या शेजाऱ्यांना धरून ठेवतं, गठ्ठा होऊ देत नाही, हे जोसेफ हॉरविट्झ यांनी 1992 मध्ये दाखवलं. पण त्याचाही साठा ठरलेला. चाळिशी-पन्नाशीपर्यंत गराच्या मध्यातलं मोकळं अल्फा क्रिस्टॅलिन संपत येतं. त्याच सुमारास ग्लुटाथायॉन आतपर्यंत पोचणंही मंदावतं.

हा बंदोबस्त मोडला की काय होतं तेही दिसलेलं आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, आजारासाठी तो जेली काढून टाकावा लागतो, त्या शस्त्रक्रियेनंतर पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो. स्वीडनमध्ये 1984 मध्ये नोंदवलं गेलं की ज्या रुग्णांना जास्त दाबाखालचा ऑक्सिजन शेकडो वेळा द्यावा लागला, त्यांपैकी भिंग आधी स्वच्छ असलेल्या जवळजवळ निम्म्यांच्या भिंगाचा गर गढूळ झाला. ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो, तोच.

इथे गोळ्यांचा विषय टाळता येत नाही, आणि मला तो टाळायचाही नाही. ऑक्सिडीकरणाने मोतीबिंदू होतो, मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्या, असं सांगून साध्यासुध्या घरांतून पैसे काढले जातात. मावशीच्या घरीही अशी डबी होती, कुणीतरी पेन्शनच्या दिवशी विकून गेलेलं. हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो म्हणूनच तो तपासला गेला. अमेरिकेत क, ई आणि बीटा कॅरोटीनच्या मोठ्या मात्रा सहा वर्षांहून अधिक काळ देऊन पाहिल्या. 2001 मध्ये निकाल आला, मोतीबिंदूवर परिणाम नाही. दक्षिण भारतात पाच वर्षं असाच अभ्यास झाला, 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, तिथेही नाही. फिनलंडमध्ये 1994 मध्ये तर धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा कॅरोटीन देऊन पाहिल्यावर फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. हे निकाल मला तरी अनपेक्षित वाटत नाहीत. गोळी पोटात जाते. भिंगाच्या मध्यावर काय आणि किती पोचावं हे भिंग स्वतः ठरवतं. तंबाखू आणि विडी सोडणं, चुलीऐवजी गॅस, साखर ताब्यात, भर उन्हात डोळ्यांवर सावली, याला खरा आधार आहे. या गोष्टी डबीत घालून विकता येत नाहीत.

शिवाय ऑक्सिडीकरण पुसून टाकलं तर आपण जगणारही नाही. प्रतिपिंडांची आणि इन्सुलिनची घडी सिस्टीनांच्या ऑक्सिडीकरणानेच टिकते. पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी त्यांच्यावर रॅडिकलच सोडतात. 2010 च्या दशकात तर याहून नवल कळलं. पेशीचा सांगाडा असलेल्या अ‍ॅक्टिनच्या धाग्यातली दोन ठरावीक मेथिओनिनं शरीरातलंच मिकाल नावाचं एक एन्झाइम मुद्दाम ऑक्सिडाइज करतं, धागा विस्कटतो, आणि दुसरं एन्झाइम येऊन तो ऑक्सिजन उतरवतं की धागा पुन्हा विणता येतो. जो बदल मी इतकी वर्षं बिघाड म्हणून शिकवत होते, तो इथे पेशीचा रोजचा कारभार आहे. बिघाड होतो तो परतीचा मार्ग बंद झाल्यावर.

मावशीच्या डोळ्यात आता ॲक्रिलिकचं भिंग आहे. हॅरॉल्ड रिडली या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये 1949 साली पहिलं असं भिंग बसवलं, तेही लढाऊ विमानाच्या काचेसाठी वापरतात तसल्या प्लॅस्टिकचं, कारण वैमानिकांच्या डोळ्यात त्याचे कण जाऊनही डोळा बिथरत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. त्यात अमिनो आम्लं नाहीत, मेथिओनिन नाही, ऑक्सिडाइज होऊन पिवळं पडायला प्रथिनच नाही. पण ते बसवलं आहे ते मावशीच्याच भिंगाच्या पिशवीत, आणि त्या पिशवीच्या कडेला तिच्या स्वतःच्या काही पेशी उरल्या आहेत. सध्या तिला पुन्हा थोडं अंधूक दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं की त्या पेशी वाढून पिशवीच्या मागच्या पापुद्र्यावर पसरल्या आहेत. त्या कोवळं क्रिस्टॅलिन बनवतात, त्यातलं प्रत्येक मेथिओनिन अगदी ताजं, पण तंतू रांगेत लावायला आता कुणी नाही, म्हणून प्रकाश पार जात नाही. लेसरने त्या पापुद्र्याला मध्ये एक छिद्र पाडायचं, काही मिनिटांचं काम. पुढच्या मंगळवारी तिला घेऊन जायचं आहे, आणि डाव्या डोळ्याची तारीखही त्याच दिवशी घ्यायची, तो पिकायच्या आत.